‘वापरा आणि फेका’ म्हणे!

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर मावसदादाने एक फॉरवर्ड टाकला. आठवड्याभरात तोच मजकूर शाळेच्या ग्रुपवर आला, मग इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा: ‘जुन्या जपानी स्पोर्ट्स गाड्यांवर पैसे घालणारे स्वतःलाच फसवतात. या गाड्या वापरा आणि फेका म्हणूनच बनल्या. जपानी माणूस दहा वर्षांत गाडी भंगारात देतो, तिथला कायदाच तसा आहे. पत्रा कागदासारखा, सुटे भाग मिळत नाहीत, डिझाइन म्हणजे युरोपची नक्कल. त्यापेक्षा नवी गाडी घ्या.’ खाली हात जोडलेल्या तीन इमोजी.

दादाने मुद्दाम टाकलं असणार. माझ्या गॅरेजात १९७२ ची डॅटसन २४० झेड, म्हणजे निसानने डॅटसन या नावाने विकलेली स्पोर्ट्स गाडी, चार वर्षं उघडी पडली आहे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मी ओहायोत राहते, नोकरी वेगळीच करते आणि शनिवार-रविवार या गाडीखाली आडवी असते. तेव्हा उत्तर देणं आलंच.

आधी कायद्याचं बघू, कारण ते सगळ्यात ठासून सांगितलं जातं. जपानमध्ये गाड्यांची सक्तीची तपासणी असते, तिला ‘शाकेन’ म्हणतात. नव्या खासगी गाडीला पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी. तपासणीत पास झाली तर गाडी पन्नास वर्षांची असली तरी रस्त्यावर चालते. दहा वर्षांनी गाडी मोडायची असा कुठलाही कायदा तिथे नाही. मग ही समजूत आली कुठून? १९९५ पर्यंत दहा वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी शाकेन करावं लागे, आणि त्याचा खर्च बघून बरेच लोक गाडी विकून टाकत. तो नियम गेला, पण आजही तेरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला वाहनकर साधारण १५ टक्के जास्त बसतो. म्हणजे सरकार नव्या गाडीकडे ढकलतं, हे खरं. पण याचा अर्थ उलटा लागतो. जो जपानी माणूस आज जुनी फेअरलेडी झेड (माझ्याच गाडीचं तिथलं नाव) बाळगून आहे, तो दरवर्षी जास्तीचा कर भरून ती बाळगून आहे. योकोहामाजवळच्या दाइकोकू पार्किंगमध्ये सुटीच्या रात्री जमणाऱ्या गाड्यांचे फोटो दादाने एकदा बघावेत.

आता पत्रा. इथे मात्र फॉरवर्डवाल्याला अर्धे गुण द्यावे लागतील. २४० झेड गंजते. नुसती गंजत नाही, आतून गंजते, आणि बाहेरचा रंग चकचकीत असतो. पुढच्या काचेखाली, वायपरपाशी हवा आत यायला जाळी आहे. तिच्यातून पानं, माती आत पडते, पाणी जायच्या वाटा बुजतात आणि पाणी पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत उतरतं. तिथे ते वर्षानुवर्षं बसून खालचा कोपरा खातं. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत बॅटरी उजवीकडे, इंजिनमागच्या भिंतीला लागून. तिचं अ‍ॅसिड ओघळतं ते थेट खालच्या चॅसी रेलवर, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या लांब तुळईवर. आणि गाडीच्या तळाला आवाज कमी करायला डांबराची जाड चादर चिकटवलेली आहे. तिच्याखाली ओल धरते आणि तळ चाळणी होतो.

माझी गाडी अ‍ॅरिझोनाची म्हणून घेतली होती. कोरडी हवा, गंज नाही, असं विकणाऱ्याने सांगितलं, कागदपत्रंही तशीच होती. ती चादर काढायची युक्ती अशी: त्यावर कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) पसरायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, डांबर काचेसारखं कडक झालं की हातोडीने टकटक करायचं, म्हणजे मोठमोठे तुकडे उडतात. मी पहिला तुकडा उचलला आणि खाली गॅरेजची फरशी दिसली. गाडीने अ‍ॅरिझोनाच्या आधी काही हिवाळे कुठेतरी उत्तरेत, मिठाच्या रस्त्यांवर काढले होते. त्या रात्री मी जेवले नाही.

पण यावरून ‘जपानी पत्रा कागदासारखा’ हे सिद्ध होत नाही. त्या काळात सगळ्यांचाच पत्रा गंजत होता. जस्ताचा मुलामा दिलेलं स्टील, गाडी बुडवून प्रायमर देण्याच्या चांगल्या पद्धती, पोकळ जागांत मेण मारणं, हे सर्रास झालं ते नंतर. पोर्शेच्या ९११ ला सबंध बॉडीसाठी जस्त चढवलेला पत्रा १९७० च्या दशकाच्या मध्यावर आला, त्याआधीच्या ९११ घेणारे आजही खालून टॉर्च मारून बघतात. इटलीच्या लान्सियाला तर १९८० मध्ये ब्रिटनमध्ये गंजलेल्या बीटा मॉडेलच्या गाड्या ग्राहकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या. तेव्हा ज्या युरोपची नक्कल केली म्हणताय, तिथल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना विचारा वेल्डिंग मशीन कोणतं वापरतात. ते लगेच सांगतील, कारण त्यांच्याकडेही आहे.

फरक हा की इटालियन गाडी गंजली की लोक म्हणाले ‘काय करणार, सुंदर आहे’, आणि डॅटसन गंजली की म्हणाले ‘स्वस्तातली होती’. १९७० मध्ये अमेरिकेत २४० झेडची किंमत होती ३,५२६ डॉलर. या किमतीमुळेच ती लाखाहून जास्त खपली आणि या किमतीमुळेच पुढची तीस वर्षं तिला कुणी जपलं नाही. महाविद्यालयीन पोरांनी ती पळवली, पावसात उभी केली, आपटली. फेकली माणसांनी आणि ठपका आला गाडीवर.

‘सुटे भाग मिळत नाहीत.’ हे वाचून मला हसू आलं, कारण माझ्या गाडीची अडचण वेगळी आहे. भाग मिळतात, ठेवायला जागा नाही. २४० झेडचं २.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन ज्या एल मालिकेतलं, ती निसानने १९८० च्या दशकातही चालू ठेवली. २८० झेडएक्सचं २.८ लिटर इंजिन माझ्या गाडीत त्याच खुंट्यांवर बसतं. हौशी लोकांनी तर यापुढची मजल मारली: त्या २.८ च्या ब्लॉकमध्ये निसानच्याच डिझेल मॅक्सिमाचा क्रँकशाफ्ट बसवून ३.१ लिटर करतात. एक सुस्त कौटुंबिक डिझेल गाडी, तिचा क्रँक स्पोर्ट्स गाडीत! पुढच्या ब्रेकला टोयोटाच्या पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर बसतात. हे कुठल्या कंपनीच्या पुस्तकात नाही. कुणीतरी भंगारवाड्यात माप घेऊन बघितलं, दुसऱ्याला सांगितलं, तिसऱ्याने सुधारलं. तळाचा पत्रा आणि चॅसी रेल तर मूळच्यापेक्षा जाड स्टीलमध्ये तयार मिळतात. माझ्या तशाच आहेत.

माझं माहेर कोल्हापूर. मामांचं उद्यमनगरात बोअरिंगचं वर्कशॉप होतं. तिथे ‘इंजिन गेलं’ हा शब्दप्रयोग मी कधी ऐकला नाही. ब्लॉक झिजला तर बोअर वाढवून ओव्हरसाइझ पिस्टन, फारच झिजला तर नवा लायनर ठोकायचा आणि पुन्हा मूळ मापावर यायचं. मामा म्हणायचे, फेकायचं काय, मोजायचं आधी. जुन्या गाड्यांच्या या मंडळींत मी पहिल्यांदा गेले तेव्हा भाषा सोडली तर सगळं ओळखीचं वाटलं: तेच मायक्रोमीटर, तीच ग्रीसने काळी झालेली नखं, आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची तीच सवय.

आणि कंपन्यांनी पाठ फिरवली म्हणाल, तर तेही नाही. होंडा १९९३ पासून एनएसएक्स मालकांच्या गाड्या जपानात परत घेऊन नव्यासारख्या करून देत आली. निसानने स्कायलाइन जीटी-आर आर३२ चे बनवणं बंद झालेले भाग २०१७ च्या अखेरीस पुन्हा बनवायला सुरुवात केली. टोयोटाने २०२० मध्ये जुन्या सुप्रासाठी तेच केलं, २००० जीटीसाठीसुद्धा, जिच्या सगळ्या मिळून साडेतीनशेच्या आसपासच गाड्या बनल्या होत्या. माझदाने पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ च्या दुरुस्तीची योजना हिरोशिमात काढली तेव्हा कापडी टप, लाकडी स्टिअरिंग आणि त्या काळचे टायरसुद्धा नव्याने बनवून घेतले. फेकून द्यायच्या वस्तूचा टायर पंचवीस-तीस वर्षांनी कोण परत बनवतं?

न मिळणाऱ्या गोष्टी आहेत, नाही असं नाही. न तडकलेला डॅशबोर्ड ही त्यातली मोठी. उन्हाने सगळ्यांचे तडकले. काही बारीक प्लास्टिकचे तुकडे, काही पट्ट्या, सुरुवातीच्या गाड्यांचे बिल्ले. तिथे लोक थ्री-डी प्रिंटिंग करतात किंवा एकमेकांकडून उसने घेऊन साचा काढतात. वेळ लागतो.

नक्कल? हा मुद्दा मी थोडक्यात आटोपते. २४० झेड जर्मन डिझायनर गोर्ट्झने काढली असं अजूनही लोक सांगतात. गोर्ट्झ १९६० च्या दशकात निसानला सल्ला देत होता हे खरं, पण ही गाडी योशिहिको मात्सुओ आणि त्यांच्या निसानमधल्या चमूची. लांब बॉनेट, आखूड मागची बाजू ही त्या काळाची फॅशन होती, जशी आपल्याकडे एकेकाळी बेलबॉटम. आत काय होतं ते बघा: चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, तेही अशा किमतीत की त्याच बाजारातली ब्रिटिश एमजीबी अजून मागे सलग एक्सलवर चालत होती. १९७० आणि १९७१, सलग दोन वर्षं जॉन मॉर्टनने याच गाडीतून अमेरिकेतली सी-प्रॉडक्शन या गटाची शर्यत स्पर्धा जिंकली. १९७१ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅलीही तिचीच, आणि १९७३ चीसुद्धा. १९७३ ची जिंकणारा शेखर मेहता, भारतीय वंशाचा, कंपालाला जन्मलेला. दुसऱ्या क्रमांकाची गाडीही डॅटसनच, आणि दोघांचे दंडगुण सारखे. जो जास्त अंतर बिनदंड गेला तो जिंकला. चिखल, नद्या, दगड, हजारो किलोमीटर. वापरा आणि फेकाच्या गाडीला तिथे अर्ध्यातच सोडून यावं लागलं असतं.

एका बाबतीत फॉरवर्ड बरोबर आहे, आणि त्याच्या लेखकाला बहुधा ते माहीतही नाही. घातलेला पैसा परत येत नाही. २०२० च्या जानेवारीत एक २४० झेड ऑनलाइन लिलावात ३ लाख १० हजार डॉलरला गेली, त्या बातमीने पुष्कळांची डोकी फिरली. ती गाडी कमी चाललेली, मूळ अवस्थेतली होती. आपली गाडी पत्रा कापून, जोडून, रंगवून उभी केलेली. नुसत्या रंगाचा खर्च ऐकून नवरा उठून चहा करायला गेला. गुंतवणूक म्हणून कुणी यात येत असेल तर मी स्वतः त्याला परत पाठवीन.

गाडी नाजूक आहे, हेही मान्य. हेडलाइटचा सगळा करंट मध्ये रिले (जास्त करंट स्वतः पेलणारा वेगळा स्विच) न घालता थेट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून नेलेला आहे. पन्नास वर्षांनी तो स्विच वितळतो. उपाय म्हणजे दोन रिले आणि एका दुपारचं काम. उन्हाळ्यात गाडी थांबवली की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं आणि पुन्हा सुरू व्हायला रुसते. १९७३ च्या गाड्यांचे चपट्या डोक्याचे कार्ब्युरेटर इतके त्रासदायक होते की बहुतेकांनी काढून आधीचे गोल डोक्याचे बसवले. माझे नशिबाने गोल डोक्याचेच आहेत. दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात का हे मी रबरी नळीचं एक टोक कानाला लावून ऐकते, सूं असा आवाज दोन्हीकडे सारखा यायला हवा. शेजारची मुलगी विचारते, आंटी डॉक्टर आहे का.

राहिला शेवटचा सल्ला: नवी घ्या. नवी निसान झेड उत्तम आहे, ४०० अश्वशक्ती, मी चालवून बघितली. ती साधारण १,६०० किलोची आहे, माझी त्याच्या दोन-तृतीयांश. नवीचं बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं झाकण दिसतं. माझीचं उघडलं की सहा स्पार्क प्लग एका रांगेत, बारा टॅपेट, आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला की इनटेकला ०.२५, एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर, इंजिन गरम असताना. दोन्ही गाड्या आपापल्या जागी. पण नवी घेतली म्हणून जुनी दुरुस्त करायची खाज भागते असं ज्याला वाटतं, त्याने बहुधा दोन्ही केलेलं नाही.

दादा, तुला ग्रुपवर नुसता अंगठा टाकला होता, हे खरं उत्तर. गाडीचा तळ पूर्ण झालाय, ब्रेकच्या नळ्या नव्या टाकल्यात. आता त्यातली हवा काढायची आहे. त्याला दोन माणसं लागतात, एक चाकापाशी निपल उघडायला, दुसरं आत बसून ‘दाब’ म्हटलं की पेडल दाबायला आणि ‘सोड’ म्हणेपर्यंत न सोडायला. नवऱ्याला हे जमत नाही, तो मध्येच फोन बघतो. तू जूनमध्ये येतो आहेस ना? येताना जुने कपडे आण.