कोएन्झाइम ए आणि बी-५ च्या बाटलीविषयी: आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आईच्या विसराळूपणासाठी आपण आमच्या फोंड्याच्या औषधांच्या दुकानात कोएन्झाइम ए (पेशींच्या कामाला लागणारे एक द्रव्य) मागितले, ते न देता आम्ही आपल्याला ताटकळत ठेवले आणि बी-५ जीवनसत्त्वाची बाटली गळ्यात मारली, असे आपण एक तारा देऊन लिहिले आहे. आपल्याला थांबावे लागले याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. त्या वेळी आपल्या आधी आलेली वयस्क मंडळी इन्सुलिनसाठी काउंटरवर उभी होती. बाटलीचा आरोप मात्र मला मान्य नाही, आणि तो वाचून चार गिऱ्हाइके पाठ फिरवणार असतील तर खुलासा करणे भाग आहे.

आपला क्रमांक आला तेव्हा दुपारी दुकान बंद करण्याची वेळ होऊन गेली होती, तरी शटर अर्धे ओढून मी आपल्याशी बोलत राहिलो, कारण आपला प्रश्न रास्त होता. पेशींना ऊर्जा मिळण्यासाठी कोएन्झाइम ए लागतेच, आणि स्मरणाशी निगडित असलेले रसायन अ‍ॅसिटिलकोलीन मेंदूत तयार होते तेही अ‍ॅसिटिल कोएन्झाइम ए पासूनच. फ्रिट्झ लिपमन यांना या द्रव्याच्या शोधासाठी १९५३ चे नोबेल मिळाले. परंतु ते तोंडावाटे घेतले तर आतड्यातच त्याचे विघटन होते. आपल्या पेशी बी-५, म्हणजेच पँटोथेनिक आम्ल, वापरून ते पाच टप्प्यांत स्वतः घडवतात.

आपण मोबाइलवर दाखवलेला लेख पीकेएएन या दुर्मीळ आनुवंशिक आजाराचा होता. त्यात या पाचांपैकी पहिल्या टप्प्याशी संबंधित पँक-२ हे जनुक आई आणि वडील दोघांकडूनही सदोष आलेले असते, मेंदूतील ग्लोबस पॅलिडस या भागात लोह साचते, एमआरआयवर वाघाच्या डोळ्यासारखी खूण दिसते आणि बहुधा लहानपणीच हातपाय आखडू लागतात. त्या आजारासाठी खास बनवलेले फॉस्मेटपँटोटेनेट हे औषधसुद्धा २०१९ मध्ये चाचणीत निष्प्रभ ठरले. सत्तरीतल्या आपल्या मातोश्रींच्या विसराळूपणाला तो लेख लागू पडत नाही, एवढेच मी सांगत होतो.

आता बाटली. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ५ मिलिग्रॅम बी-५ पुरते, ते अंडी, शेंगदाणे, डाळी, अळंबी यांतून मिळते आणि त्याची खरी कमतरता क्वचितच आढळते, म्हणून "घेऊ नका" असेच मी म्हणालो होतो. रिकाम्या हाताने घरी जाणार नाही, हा आग्रह आपला होता. फडताळातली सर्वांत लहान बाटली मी छापील किमतीला दिली. कोएन्झाइम क्यू-१० नावाची निराळीच, कितीतरी महाग गोळी शेजारीच होती. नावातल्या साम्याचा फायदा घेऊन ती विकणे मला अवघड नव्हते, पण असला धंदा आम्ही करीत नाही. बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉइडचा त्रास यांनीही विसराळूपणा येतो आणि ही कारणे रक्ततपासणीत कळतात, तेव्हा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) मेंदूविकार विभागात दाखवा, हे मी बिलाच्या मागे निळ्या पेनाने लिहून दिले आहे. आपल्या अभिप्रायात त्या ओळींचा उल्लेख नाही, याचे वाईट वाटले.

गर्दीच्या वेळी काउंटरवर आणखी एक माणूस ठेवण्याचा विचार चालू आहे, आणि दुपारच्या वेळेचा फलकही ठळक करू. बाटलीचे सील शाबूत असल्यास बिलासह आणावी, पैसे परत मिळतील. मातोश्रींच्या रक्ततपासणीला मात्र कृपया उशीर करू नये.

आपला,
दुकानमालक, फोंडा