‘मिळेल तेवढी वाइड, मिळेल तेवढी फास्ट’: मीडियम फॉरमॅटच्या लेन्सबद्दलचा एक फसवा सल्ला

मीडियम फॉरमॅट, म्हणजे ३५ मिमीच्या ‘फुल फ्रेम’पेक्षा मोठ्या सेन्सरचा किंवा फिल्मचा, कॅमेरा घ्यायचा विचार नुसता बोलून दाखवला, तरी एक ठरावीक सल्ला हमखास मिळतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मथितार्थ एकच: लँडस्केपसाठी मिळेल तेवढी वाइड (जास्त रुंद दृश्य घेणारी) लेन्स घ्या, पोर्ट्रेटसाठी मिळेल तेवढ्या मोठ्या ॲपर्चरची, म्हणजे ‘फास्ट’, टेली (लांबचं जवळ आणणारी) घ्या, फुल फ्रेमशी तुलना करायची तर फोकल लेंथला (लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याला) ०.७९ ने गुणा, बाकी तो ‘मीडियम फॉरमॅट लुक’ सेन्सर आपोआप देतो. आणि पैसे वाचवायचे असतील तर फिल्मच्या जमान्यातल्या जुन्या लेन्स ॲडॉप्टरवर लावा, काम तेच होतं. सुटसुटीत आहे, म्हणून फिरतो. पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही.

आधी ते ०.७९. हा आकडा फक्त ४४×३३ मिमीच्या डिजिटल सेन्सरचा, म्हणजे फुजीफिल्म जीएफएक्स किंवा हॅसलब्लाड एक्स मालिकेचा. फेज वनच्या ५४×४० सेन्सरला तो ०.६५ च्या आसपास येतो, ६×६ (सेंमीच्या) फिल्मला ०.५५, ६×७ ला जेमतेम ०.४९. म्हणून ‘८० मिमी ही नॉर्मल (ना वाइड, ना टेली) लेन्स’ हे जुन्या हॅसलब्लाड ५०० वर खरं, जीएफएक्सवर नाही. तिथे ८० मिमी फुल फ्रेमच्या ६३ मिमीसारखी वागते. बरं, ४४×३३ पुरतं बोलायचं तरी ०.७९ हे कर्णाचं गुणोत्तर आहे. फुल फ्रेमची चौकट ३:२, हिची ४:३. रुंदीने मोजाल तर ०.८२, उंचीने मोजाल तर ०.७३. ३२ मिमीची लेन्स आडवी २६ मिमीइतकी पसरते आणि उभी २३ मिमीइतकी. डोंगररांगेचा लांबलचक पट्टा घेणारा आणि उंच कड्याच्या पायथ्याशी उभा राहणारा, दोघांना एकच आकडा देऊन कसं चालेल?

‘लुक सेन्सर देतो’ हा दावा सगळ्यांत लाडका आणि सगळ्यांत पोकळ. त्याच अंतरावरून, तेवढ्याच कोनाचा फोटो काढला तर बॅकग्राउंड किती उडेल हे लेन्सच्या ॲपर्चरच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरतं. फोकल लेंथला एफ-नंबरने (एफ/२ मधल्या २ ने) भागा, व्यास हातात येतो. जीएफएक्सची ११० मिमी एफ/२ घ्या: ५५ मिमी. फुल फ्रेमवर जवळपास तोच कोन देणारी ८५ मिमी एफ/१.४: जवळजवळ ६१ मिमी. म्हणजे ब्लरच्या शर्यतीत लहान सेन्सरची लेन्स पुढे! फिल्मच्या ६×७ मध्ये पारडं थोडं फिरतं. पेंटॅक्स ६७ ची १०५ मिमी एफ/२.४ गाजली ती उगाच नाही, तिच्याशी बरोबरी करायला फुल फ्रेमवर ५० मिमी एफ/१.२ लागते. पण तीही बाजारात आहेच. मीडियम फॉरमॅटचं खरं देणं वेगळं आहे: टोनचा सलग उतार, मोठ्या प्रिंटमध्ये टिकणारे बारकावे, फिल्म असेल तर कमी दिसणारा ग्रेन. त्यासाठी एफ/१.७ आणि एफ/२ च्या मागे धावायची गरज नसते.

पोर्ट्रेटवाल्यांनी तर मुळीच धावू नये. ११० मिमी एफ/२ वर उघडून दीड मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस केलात, तर नेहमीच्या हिशोबाने शार्प पट्टा तीन सेंमीचासुद्धा नाही. मान जराशी वळलेली असेल तर एक डोळा शार्प, दुसरा गेला. मग आपण एफ/४ नाहीतर एफ/५.६ वर येतो, आणि ज्यासाठी जास्तीचे पैसे आणि वजन घेतलं ते स्टॉप (प्रकाश दुप्पट-निमपट करणाऱ्या पायऱ्या) बॅगेतच राहतात.

‘टेलीने चेहरा सुंदर येतो’ ही अर्धवट गोष्ट. नाक मोठं आणि कान लहान दिसणं हे कॅमेरा चेहऱ्यापासून किती लांब आहे यावर अवलंबून असतं. फोकल लेंथ फक्त चौकट कापते. त्यामुळे आधी ठरवायचं ते अंतर. दीड ते दोन मीटर बहुतेक चेहऱ्यांना मानवतं. मग त्या अंतरावरून हवी ती चौकट देणारी लेन्स शोधायची. इथे एक आकडा कुणी बघत नाही, तो म्हणजे किमान फोकस अंतर. मामिया ७ ची १५० मिमी १.८ मीटरच्या आत फोकसच करत नाही, त्यामुळे चौकटभर चेहरा विसरा. हॅसलब्लाडची १५० मिमी सोनार १.४ मीटरवर थांबते. तिथे ६×६ च्या चौकटीत डोकं आणि खांदे येतात, त्याहून जवळ जायचं तर लेन्स पुढे सरकवणारी एक्स्टेंशन ट्यूब घालावी लागते. उलट मामिया आरबी आणि आरझी ६७ मध्ये फोकसिंगच बेलोजने (घडीच्या भात्याने) होतं, त्यामुळे साधी ११० मिमीसुद्धा हवी तितकी जवळ जाते. जवळ जाताना प्रकाश कमी पडतो, तेवढं एक्स्पोजर वाढवून द्यायचं. स्टुडिओत आरबी-आरझी का रुळल्या, याचं एक कारण हेच.

दुसरं कारण लीफ शटर, म्हणजे लेन्समध्येच बसवलेलं शटर, ज्याचा या सल्ल्यात उल्लेखच नाही. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ वर साधारण १/१०० एक्स्पोजर येतं, म्हणजे एफ/२.८ वर १/३२००. आता सोबत फ्लॅश लावायचा आहे. जीएफएक्सच्या फोकल प्लेन (बॉडीत सेन्सरसमोर असलेल्या) शटरची सिंक (फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यांत जास्त वेग) १/१२५ सेकंद, म्हणजे एफ/१४ च्या आसपास जावं लागणार. बॅकग्राउंड उडवायचा बेत तिथेच बारगळला. (प्रकाश अडवणारा पाच स्टॉपचा एनडी फिल्टर लावता येतो, पण मग फ्लॅशही तेवढाच दमदार हवा.) हॅसलब्लाड एक्स मालिकेच्या लीफ शटरवाल्या बऱ्याच एक्ससीडी लेन्स १/२००० पर्यंत सिंक होतात, तिथे एफ/३.५ ला काम निभावतं. पेंटॅक्स ६७ ची सिंक तर १/३०. म्हणूनच तिच्यासाठी मुद्दाम लीफ शटरची १६५ मिमी एफ/४ काढली होती. बाहेर फ्लॅशने पोर्ट्रेट करणाऱ्याला ही मंद लेन्स एफ/२.८ वाल्या १६५ पेक्षा जास्त उपयोगी, हे कागदावरचे आकडे बघून कधीच कळत नाही.

राहिलं लँडस्केप. १९६० मध्ये ॲन्सेल ॲडम्स यांनी योसेमिटीत ‘मून अँड हाफ डोम’ टिपला तो हॅसलब्लाडवर २५० मिमी लेन्स लावून. फुल फ्रेमच्या हिशोबात ही १३५ च्या आसपासची टेली. सगळ्यांत वाइड लेन्स असती तर चंद्राचा ठिपका झाला असता आणि कड्याची टेकडी. वाइड लेन्स लांबचं लहान करते आणि पायाजवळचं अंगावर आणते. पायाजवळ दाखवण्यासारखं काही असेल तरच ती कामाची.

आणि असेल, तर पुढची अडचण डेप्थची, म्हणजे जवळून लांबपर्यंत किती पट्टा शार्प राहतो त्याची. ३२ मिमी, एफ/११: नेहमीचं कोष्टक सांगतं की अडीच मीटरवर फोकस ठेवा, सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प. पण हे कोष्टक ०.०३८ मिमीच्या धूसर ठिपक्याला ‘चालेल’ म्हणतं. १० कोटी पिक्सेलच्या ४४×३३ सेन्सरवर एक पिक्सेल ०.००३७६ मिमीचा, म्हणजे तो ठिपका दहा पिक्सेल रुंद. एवढे पिक्सेल विकत घेऊन हे कोण चालवून घेईल? ठिपका ०.०१५ मिमीवर आणला की फोकस सहा मीटरवर जातो आणि शार्पपणा तीन मीटरपासून सुरू होतो. समोरचा दगड गेला. एफ/१६ च्या पुढे गेलात तर डिफ्रॅक्शन (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरणं) बारकावे खातं. मग ट्रायपॉडवर फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले फोटो एकत्र जोडणं) करा, आणि वाऱ्याने गवत हललं की कपाळाला हात लावा, किंवा जीएफएक्सच्या जीएफ ३० मिमीसारखी, शार्प पट्टा तिरका करता येणारी टिल्ट-शिफ्ट घ्या. माझं मत विचाराल तर पहिली लँडस्केप लेन्स ४५ मिमीच्या आसपासची, किंवा ४५-१०० झूम. मीडियम फॉरमॅटचे झूम भिकार असतात हाही जुना समज, आजच्या लेन्सना तो लागू नाही.

जुन्या लेन्सचं म्हणाल तर तो सल्ला निम्मा खरा. १५० सोनार ४४×३३ वर ११८ मिमीसारखी वागते, पोर्ट्रेटला मस्त. पण ६×६ वर वाइड असलेली ५० मिमी डिस्टॅगॉन तिथे ४० मिमीसारखी होते. ती वाइड राहिलीच नाही. म्हणजे जुनी घ्यायची तर टेली घ्यावी, वाइड नवीच बरी. लेन्सवर कोरलेली डेप्थची खूण फिल्मच्या हिशोबाची असते, म्हणून ॲपर्चर एफ/१६ असेल तर खुणा एफ/८ च्या वाचायच्या. आणि साध्या ॲडॉप्टरवर त्या लेन्समधलं लीफ शटर नुसतं उघडं राहतं. जीएफएक्सवर सिंक परत १/१२५ वर येते. एक्स मालिकेच्या बॉडीत फोकल प्लेन शटरच नसल्याने इलेक्ट्रॉनिक शटरवर काम चालवावं लागतं, आणि हलणारी फांदी किंवा मान वळवणारा माणूस त्यात तिरका येऊ शकतो.