आजारी माणसाच्या विश्वासाचं माप काढू नका

ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांतून एक संदेश सारखा फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, सांगणं तेच. येशूने वधस्तंभावर आपले आजार वाहून नेले, तेव्हा विश्वासणाऱ्याने आजारी राहायचं कारणच उरत नाही. प्रार्थना करूनही बरं वाटलं नाही, तर विश्वास कमी पडला किंवा कुठलं तरी पाप लपवलेलं आहे. औषध घेणं म्हणजे देवावर भरवसा नसणं. ‘मी आजारी आहे’ असं तोंडाने म्हणायचंसुद्धा नाही. खाली वचनांची यादी असते आणि ‘आमेन लिहून पुढे पाठवा’ अशी सूचना.

मी पाळक आहे. आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो, याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे तेलही लावतो. देव आजही बरं करतो हे मी मनापासून मानतो. म्हणूनच हा संदेश मला गप्प बसू देत नाही. आधीच दुखण्याने वाकलेल्या माणसाला तो आरोपी करून उभा करतो, आणि तेही देवाच्या नावाने.

पहिला आधार दिला जातो तो यशयाच्या ५३व्या अध्यायाचा: त्याला बसलेल्या फटक्यांनी आपल्याला आरोग्य मिळालं. वचन खरं आहे. शुभवर्तमान लिहिणारा मत्तयही आठव्या अध्यायात येशूने रोग्यांना बरं केल्याचं सांगताना याच अध्यायाची आठवण देतो. पण त्यातून प्रत्येक आजार आत्ताच, या आठवड्यातच गेला पाहिजे असं निघत नाही. रोमकरांस पत्रात प्रेषित पौल म्हणतो की ज्यांना पवित्र आत्मा मिळाला आहे तेही शरीराच्या मुक्तीची वाट पाहत कण्हत आहेत. येशूने ज्यांना बरं केलं, लाजराला तर कबरेतून बाहेर बोलावलं, ती सगळी माणसं पुढे कधी तरी वारलीच. वधस्तंभावर मिळालेलं आरोग्य पुरं होईल ते पुनरुत्थानात. त्याची चुणूक आपल्याला अधूनमधून इथे मिळते, आणि ती मिळावी म्हणून आपण मागत राहतो.

आता ‘विश्वास कमी पडला’ हे म्हणणं. सगळ्यांत जास्त घाव याचाच बसतो, म्हणून इथे जरा थांबतो. नव्या करारातली आजारी माणसं, पौलाचे सहकारीच पाहा. तीमथ्याला पोटाचा त्रास होता, वरचेवर दुखणी यायची. पौल त्याला विश्वास वाढव असं लिहीत नाही, थोडा द्राक्षारस घेत जा असं लिहितो. त्रफिमाला तर पौल मिलेतात आजारी अवस्थेत मागे ठेवून पुढे गेला. एपफ्रदीत मरणाच्या दारात पोहोचला होता. तो बरा झाला तेव्हा पौलाने देवाच्या दयेचं नाव घेतलं, एपफ्रदीताच्या विश्वासाचं प्रमाणपत्र काढलं नाही. आणि खुद्द पौल? ज्या त्रासाला तो ‘शरीरातला काटा’ म्हणतो तो जावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा गेला नाही. माझी कृपा तुला पुरे, एवढं उत्तर आलं. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायला हा संदेश पाठवणारे धजावतील का?

उलट बाजूही बघा. बेथेस्दा तळ्याकाठी ३८ वर्षं पडून असलेला माणूस बरा झाला तेव्हा आपल्याला कुणी बरं केलं हेही त्याला ठाऊक नव्हतं. छत उघडून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाच्या गोष्टीत येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असं मार्क लिहितो, म्हणजे खाट उचलून आणणाऱ्यांचाही. झटके येणाऱ्या मुलाच्या बापाने तर उघड सांगितलं की माझा विश्वास आहे, पण अविश्वासही आहे, मला मदत करा. मुलगा तरीही बरा झाला. त्याच प्रसंगात मत्तयाच्या १७व्या अध्यायात अल्पविश्वासाचा ठपका आहे, नाही असं नाही. पण तो कुणावर? मुलावर नाही, बापावर नाही. ज्यांच्याकडून तो बरा झाला नाही त्या शिष्यांवर. आज सभेत व्यासपीठावरून प्रार्थना करणारा मोकळा सुटतो आणि खाली बसलेला रोगी दोषी ठरतो. शास्त्रात नेमकं याच्या उलट आहे.

येशूच्या स्वतःच्या गावाचं, नासरेथचं उदाहरण हमखास पुढे येतं. तिथल्या अविश्वासामुळे येशूला फारशी अद्भुत कृत्यं करता आली नाहीत, हे खरं. पण तिथे गावाने त्याला झिडकारलं होतं. मदत मागत आलेल्या कुणा आजाऱ्याला ‘तुझा विश्वास अपुरा आहे’ म्हणून त्याने परत पाठवलं नाही, आणि त्या गावातही थोडे रोगी बरे झालेच.

लपलेल्या पापाचं म्हणणं मी रुग्णालयात फार जवळून पाहिलं आहे. कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या एका बहिणीने उशीखालून रिपोर्टचं पाकीट काढून दाखवलं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात तिने आपल्या पापांची यादी लिहिली होती. शाळेत असताना आईशी बोललेलं खोटं, जावेशी झालेलं भांडण, चुकवलेल्या उपासना. ‘पाळकसाहेब, यातलं कुठलं असेल?’ तिने विचारलं. मी तिला योहानाचा नववा अध्याय वाचून दाखवला. जन्मांधाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न केला होता, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. दुःखात सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांनी त्याच्यावर पापाचा आरोप ठेवला, तर शेवटी देवाचा राग त्या मित्रांवर पेटला. पापाचे परिणाम शरीरावर कधीच होत नाहीत असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या खाटेशी उभं राहून निकाल देण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

औषधाबद्दल. यशयाने हिज्कीया राजाला बरं होण्याचं देवाचं वचन सांगितलं आणि त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायलाही सांगितलं. पौलाचा प्रिय सोबती लूक वैद्य होता. आजारपणात वैद्यांकडे गेलेल्या आसा राजाचं उदाहरण उलट बाजूने दिलं जातं, पण आसाने परमेश्वराकडे पाठ फिरवली होती, दोष त्या पाठ फिरवण्याचा आहे, वैद्यांकडे जाण्याचा नाही. आणि परिणामांचं काय? टाइप-१ मधुमेहात इन्सुलिन थांबवलं, तर एकदोन दिवसांतच रक्तात घातक आम्लं साठू लागतात आणि जीव जाऊ शकतो. फेफऱ्याची गोळी एकदम सोडली, तर न थांबणारे झटके येऊ शकतात. क्षयरोगाचा औषधोपचार अर्धवट टाकला, तर रोग उलटू शकतो, औषधांना दाद न देणारा होऊ शकतो आणि घरातल्यांनाही लागू शकतो. सभेत उत्साहाच्या भरात औषधं फेकायला लावणाऱ्यांपैकी कितीजण चौथ्या दिवशी त्या घरी फिरकतात?

‘आजारी आहे असं बोलू नका’ या सल्ल्याला स्तोत्रसंहिताच पुरेसं उत्तर आहे. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि तेही देवाच्या पुस्तकात आहे. गेथशेमाने बागेत येशूने आपला जीव मरणप्राय खिन्न झाल्याचं शिष्यांना उघड सांगितलं. याकोब तर म्हणतो, कुणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळीतल्या पुढाऱ्यांना बोलवावं. आजार बोलून दाखवायचाच नसेल तर बोलावणार कसं?

हा संदेश वाचून कुणी औषध थांबवलं असेल, तर कृपा करून आजच आपल्या डॉक्टरांशी बोला. मनाने परत सुरू करू नका, काहींचा डोस नव्याने ठरवावा लागतो. आपल्या पाळकांनाही कळवा. जायला सोबत हवी असेल तर मागा. आणि मंडळीतल्या इतरांनो, तो संदेश पुढे पाठवण्याआधी गटात कोण कोण आहे ते एकदा पाहा. त्यात कुणी तरी आज रिपोर्टची वाट पाहत बसलेलं असेल.