जुनं सिंगल-कॅम धनुष्य घेताना आधी लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्या) तपासा

जुनं सिंगल-कॅम कंपाउंड धनुष्य (टोकांना चाकं आणि केबल असलेलं) शिकार आणि निशाणेबाजी दोन्हीला चालतं, असं म्हणतात. शिकारीचं सोडा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्या सातपुड्यात तो विषयच नाही. सरावाला मात्र हे धनुष्य खरंच चांगलं. कॅम, म्हणजे दोरी ओढताना फिरणारं लंबगोल चाक, एकच, खाली. वर साधं चाक. दोन कॅम जुळवत बसायची कटकट नाही. पण दोरी लांबलचक, ती ताणली गेली की कॅम फिरतो आणि ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी मागे ओढायचं अंतर, बिघडते. नव्या दोरी-केबलचा खर्च किमतीत धराच. लिंबवरून कापूस फिरवा, तंतू अडकला तर घेऊ नका. बाण न लावता दोरी सोडलेली असेल तर फुकटही नको! धडगाव-अक्कलकुव्याच्या भिल्ल पोरांच्या हाती अशी जुनी, पण धड धनुष्यं पडायला हवीत, असं मनापासून वाटतं. २०२३ ला कंपाउंडमध्ये जगज्जेती झालेली अदिती स्वामी साताऱ्याचीच आहे.