चारचाकी जावयासह व्हिएन्ना

म्युनिकपासून व्हिएन्ना साधारण ४३५ किलोमीटर. मराठी माणसाला हा आकडा धोक्याचा, कारण पुणे-पणजी जवळपास तेवढंच आहे आणि पुणे-पणजी आपण ‘चला, निघू या’ म्हणून करतो. मग जेवणाच्या टेबलावर कुणीतरी म्हणतंच, ‘‘इथवर विमानाचे एवढे पैसे घातलेत, चौघं आहोत, गाडी घेऊ भाड्याने आणि दोन दिवसांत व्हिएन्ना उरकून येऊ. स्वस्तात!’’ दाढी, मुंज, दूरच्या नात्यातलं लग्न आणि व्हिएन्ना, एवढ्या गोष्टी आपण उरकतो.

गाडीचं काय असतं, की ती आपल्याला फिरवायला आणली असं वाटतं. प्रत्यक्षात तो जावई असतो. त्याला वेळेवर खायला घालायचं, बसायला ऐसपैस पाट द्यायचा, कपाळाला टिळा लावायचा आणि यातलं काही चुकलं की तो रुसत नाही, त्याच्या घरून पत्र येतं. पत्रात दंडाची रक्कम असते आणि खाली गाडीच्या कंपनीने तुमचं नाव-पत्ता कळवण्याच्या कष्टांचे वेगळे पैसे लावलेले असतात.

मानपान घरापासूनच सुरू होतो. आपल्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आरटीओत हजार रुपयांत मिळतो आणि वर्षभर चालतो. काउंटरवर डिपॉझिटसाठी मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. मेहुण्याचं चालत नाही, डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही, आणि ‘नंतर देतो’ तर अजिबात नाही. ऑस्ट्रियात जाणार हे तिथेच सांगून कागदावर लिहून घ्यायचं. किल्ली हातात आली की गाडीभोवती प्रदक्षिणा घालत चारही बाजूंचे, रिमचे आणि काचेचे फोटो काढायचे. जावयाच्या अंगावरचा आधीचा ओरखडा कुणाचा, हा वाद परत करताना घालण्यात अर्थ नसतो.

मग स्टिअरिंग डावीकडे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते, तिकडे डाव्या. त्यामुळे पहिले दोन तास आपण प्रत्येक वळणावर कडक उन्हात वायपर चालवतो आणि गिअर टाकायला डावा हात दाराकडे नेतो. मागचा जर्मन सुरक्षित अंतर ठेवतो, हे आपलं नशीब.

आता टिळा. ऑस्ट्रियाच्या महामार्गावर विग्नेट, म्हणजे टोल भरल्याची खूण, लागतं. सीमा ओलांडल्यावर साल्झबुर्ग-नॉर्ड फाट्यापर्यंतचा तुकडा २०१९च्या डिसेंबरपासून माफ आहे. ‘बघ, कुणी विचारलंसुद्धा नाही’ असं गाडीतला हिशेबनीस याच तुकड्यावर म्हणतो. विचारणारा तिथे माणूस नसतोच, पुढे कॅमेरा असतो, आणि विग्नेट नसल्याची भरपाई शंभरावर युरोंची असते. २०२५ साली एक दिवसाचं विग्नेट ९.३० युरोंना होतं आणि दहा दिवसांचं १२.४० ला. इथे काटकसर फसते: जातानाचा एक दिवस आणि येतानाचा एक दिवस मिळून १८.६० होतात. दोनच दिवस जायचं असलं तरी दहा दिवसांचं घ्या. घेताना आसफिनागच्याच, म्हणजे तिथले महामार्ग सांभाळणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून, कारण तेच विग्नेट वर कमिशन लावून विकणारे दलाल शोधयंत्रात भेटतातच. डिजिटल विग्नेट गाडीच्या नंबरावर चढतं. गाडी म्युनिकची असेल तर देश ‘जर्मनी’ निवडायचा. ‘आपण ऑस्ट्रियात चाललोय ना’ म्हणून ऑस्ट्रिया निवडणारे खूप आहेत. इंग्रजी ओ आणि शून्य यांत गल्लत करणारेही आहेत. त्यांचे पैसेही जातात आणि भरपाईही. चिकटवायचं घेतलंत तर ते काचेला चिकटवायचंच. ‘पुढच्या वेळी दुसऱ्या गाडीला लावू’ म्हणून डॅशबोर्डवर नुसतं ठेवलेलं धरत नाहीत. ही युक्ती त्यांना आपल्या आधीपासून ठाऊक आहे.

जावयाचं जेवण हा या प्रवासातला माझा सगळ्यात आवडता भाग. ऑस्ट्रियात २०११ साली असा नियम आला, की पेट्रोल पंपाने भाव वाढवायचा तो दिवसातून एकदाच, दुपारी बाराच्या ठोक्याला. कमी मात्र कधीही करावा. परिणाम असा, की बाराला भाव टुणकन उडी मारतो आणि मग चोवीस तास हळूहळू खाली सरकत राहतो. म्हणजे टाकी भरायची ती पावणेबाराला, आणि महामार्गावर नाही. एखाद्या फाट्याने बाहेर पडून गावातल्या, शक्यतो सुपरमार्केटशेजारच्या पंपावर. बाराला पाच कमी असताना रांगेत तिसरा नंबर असणं आणि पहिल्या माणसाने गाडीची काच पुसायला घेणं, यात जो थरार आहे तो पुढे ऑपेरातही नाही.

वाटेत दोन गोष्टी. जर्मन महामार्गावरच्या बऱ्याचशा थांब्यांवर शौचालयाला एक युरो पडतो आणि तेवढ्याच किमतीचं कुपन मिळतं. कुपन वापरायला आपण कॉफी घेतो, कॉफीमुळे पुढच्या थांब्यावर पुन्हा एक युरो देतो, अशी ती योजना आहे. सीमा ओलांडली की आसफिनागच्या साध्या विश्रांतिथांब्यांवर हे काम फुकट होतं, तेव्हा शक्य असेल तर धीर धरावा. दुसरी गोष्ट: वाहतूक खोळंबली की सगळ्यात डावी रांग डाव्या कडेला आणि उरलेल्या उजव्या कडेला सरकते. मधे रुग्णवाहिकेसाठी अख्खी गल्ली मोकळी राहते. रुग्णवाहिका आली नसली तरी. ती रिकामी गल्ली पाहून उजव्या पायाला जे वाटतं ते वाटू द्यावं. पाय हलवू नये.

व्हिएन्नात शिरलात, आता पाट. २०२२च्या १ मार्चपासून जवळजवळ सगळं शहर ‘कुर्त्सपार्कत्सोने’ झालं आहे. सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते रात्री १०, रस्त्यावर गाडी लावायची ती पैसे देऊन आणि एका वेळी फार तर दोन तास. यातली मेख अशी, की पाटी शहरात शिरताना एकदाच लागते. पुढे गल्लीत ना पाटी, ना निळा पट्टा. आपण म्हणतो, ‘इथे काही लिहिलेलं नाही, लाव.’ लिहिलेलं असतं, दहा किलोमीटर मागे. पैसे ॲपवर भरता येतात किंवा टबाक-ट्राफिक नावाच्या तंबाखूच्या दुकानातून कागदी पावत्या घ्यायच्या. महिना, तारीख, तास, मिनिटं यांवर पेनने फुल्या मारायच्या. मिनिटं पुढच्या पाव तासावर न्यायची. जांभळी पावती पंधरा मिनिटांची आणि फुकट आहे, पण फुकट असली तरी भरून काचेमागे ठेवावीच लागते. एकामागे एक दोन जांभळ्या लावून अर्धा तास काढायचा विचार तुमच्या मनात आला असेलच. चालत नाही.

त्यामुळे जावयाला गावात न्यायचंच नाही, वेशीवर बसवायचं. म्युनिककडून येणारा महामार्ग जिथे शहरात उतरतो तिथेच ह्यूटेलडोर्फचं पार्क-अँड-राइड आहे, म्हणजे गाडी ठेवून पुढे मेट्रोने जायचा तळ; दिवसाला चार-पाच युरो. शहराच्या पोटातल्या गॅरेजमध्ये याच दिवसाचे तीस-चाळीस मोजणारेही आहेत. ह्यूटेलडोर्फहून यू-४ ही मेट्रो पाचव्या स्टेशनाला शोनब्रुन महालाच्या दारात आणि पुढे कार्ल्सप्लाट्झला नेते. तिकडे जागा नसली तर यू-३वरचं एर्डबर्ग मोठं आहे.

आणखी एक पळवाट, कायदेशीर. शुक्रवारी रात्री दहा ते सोमवारी सकाळी नऊ रस्त्यावरचं पार्किंग फुकट. बाजारपेठेच्या काही रस्त्यांना शनिवारचे वेगळे नियम आहेत आणि काही जागा रहिवाशांच्या पासवाल्यांना राखीव, तेव्हा तिथली पाटी वाचायची. हिवाळ्यात, १५ डिसेंबर ते ३१ मार्च, ट्रामचे रूळ असलेल्या रस्त्यावर रात्री आठ ते पहाटे पाच गाडी ठेवायची नाही, कारण बर्फ काढायचा असतो. ठेवलीत तर बर्फाबरोबर गाडीही काढतात.

गाडी हातातून सुटली की सहल सुरू होते. ४८ तासांचं तिकीट २०२५ साली १४.१० युरोंचं होतं. मेट्रो, ट्राम, बस सगळं त्यात. कागदी तिकीट घेतलंत तर निळ्या खोक्यात घालून शिक्का मारायचा, एकदाच. स्टेशनात फाटक नाही, टीसी दिसत नाही, म्हणून शिक्का वाचवणाऱ्याला तो टीसी तिसऱ्या स्टेशनात साध्या कपड्यांत भेटतो. सहा वर्षांखालची मुलं फुकट. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री मेट्रो रात्रभर धावते, म्हणून टोकाच्या स्टेशनापाशी स्वस्त खोली घ्यायला घाबरू नये.

याच तिकिटावर रिंग रस्त्याची ट्राम १ आणि २ धरून संसद, टाउन हॉल, ऑपेरा सगळं बसल्या बसल्या दिसतं. याच तिकिटावर हायलिगेनश्टाटहून ३८ए बस कालेनबर्गच्या टेकडीवर जाते. १६८३ साली इथूनच उतरून पोलंडच्या सोबिएस्की राजाने तुर्कांचा वेढा उधळला. आपल्याकडे तेव्हा संभाजी महाराजांचा काळ. खाली अख्खी व्हिएन्ना पसरलेली आणि दमडी लागत नाही. शोनब्रुनच्या बागेलाही नाही. पैसे लागतात ते महालाच्या आत. कार्ल्सप्लाट्झच्या शहर संग्रहालयाचं कायमचं दालन २०२३च्या डिसेंबरपासून सगळ्यांना फुकट आहे. स्टेफान्सडोम या मोठ्या चर्चच्या दक्षिण मनोऱ्याला मात्र तिकीट आहे आणि ३४३ पायऱ्याही. दोन्ही आपणच भरायच्या.

खरी मौज ऑपेराची. श्टाट्सओपरमध्ये उभं राहून पाहायची तिकिटं वीस युरोंच्या आत मिळतात. बसलेल्यांनी त्याच तमाशाचे दोनशे मोजलेले असू शकतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ऑपेरा बंद, हे आधी बघा. तळमजल्यावरची उभ्याची जागा अगदी मध्यावर, रंगमंचासमोर. आत गेल्यावर कठड्याला स्कार्फ बांधायचा, म्हणजे ती जागा तुमची. मग खुशाल फिरून यायचं, कुणी हात लावत नाही. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या जातीला या शहरात प्रथमच आपण सुसंस्कृत आहोत असं वाटतं. समोर छोट्या पडद्यावर इंग्रजी शब्द उमटतात. वॅग्नरचा ऑपेरा असेल तर पाच तास लागू शकतात. आपले आजोबा पहाट होईस्तोवर संगीत नाटकं बघत, पण ते बसून.

पाणी. हॉटेलात ‘वासर’ मागितलंत की बाटली येते, बहुधा बुडबुड्यांची, आणि बिलात ती सूपशेजारी बसते. म्हणायचं ‘लाइटुंग्सवासर’, म्हणजे नळाचं. काही जण त्याचेही थोडे पैसे लावतात, पण नाक मुरडू नका. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली वाहिनी १८७३ची, दुसरी १९१०ची. शहरभर पिण्याच्या पाण्याचे हजारावर नळ आहेत. रिकामी बाटली घेऊन हिंडा. कॉफीहाऊसमध्ये पाच-सहा युरोंच्या मेलांजबरोबर पाण्याचा पेला चांदीच्या रंगाच्या ताटलीतून येतो आणि दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. त्या हिशेबाने ती कॉफी नव्हेच, खुर्चीचं भाडं.

रविवारी सुपरमार्केट बंद. हे एवढं ठळक लिहूनही रविवारी सकाळी दूध शोधत फिरणारं भारतीय कुटुंब दिसतंच. हाउप्टबानहोफ किंवा प्राटरस्टर्न स्टेशनातली दुकानं उघडी असतात. गर्दी दादर स्टेशनची. घरून न्यायचं तर मेतकूट, चटण्या, पोहे चालतात. पेढे, तूप, पनीर युरोपबाहेरून आणायला बंदी आहे. जावयाला वाण द्यायचंच असेल तर अनारसे तेलात तळा.

खर्च? येऊन-जाऊन ८७० किलोमीटर, शंभराला साडेसहा लिटर, म्हणजे ५७ लिटर, लिटरला १.६० धरलं तर ९० युरो. विग्नेट, वेशीवरचं तीन दिवसांचं पार्किंग आणि चौघांची ४८ तासांची तिकिटं धरून १७३च्या आसपास. माणशी ४३. शिवाय गाडीचं भाडं आणि झोपायची खोली. चौघं असाल तर जमतं. दोघंच असाल तर आगाऊ काढलेलं रेल्वेचं तिकीट घ्या, चार तासांत पोचाल आणि जावई घरी राहील.

परतताना पासपोर्ट हाताशी ठेवा. सीमेवरच्या वाल्झरबर्गला जर्मन पोलिस तपासणी करतात आणि रविवारी संध्याकाळी तिथे रांग लागते. त्या रांगेत डिकीतून खडखडाट ऐकू येतो. २०२५च्या जानेवारीपासून ऑस्ट्रियात पेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पत्र्याच्या डब्यावर २५ सेंट अनामत घेतात, रिकामी बाटली दुकानातल्या मशिनात घातली की परत मिळते. सहा बाटल्या, दीड युरो. घरचा हिशेबनीस त्याचे दीडशे रुपये करतो आणि टाकू देत नाही. ‘म्युनिकला पण मशिन आहे ना!’

आहे. त्यात बाटली घातली की ते ती आत घेतं, गोल गोल फिरवून नीट बघतं आणि ऑस्ट्रियाची म्हणून बाहेर सरकवतं. हिशेबनीस ती पुसतो आणि पुन्हा घालतो. मागे चार जर्मन उभे असतात, सुरक्षित अंतर ठेवून.