घाम आला म्हणजे ताप गेला, हे कुणी सांगितलं?

पावसाळा लागला की तो मेसेज फिरायला लागतो. यंदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि टाकणारी होती भांडुपची मावशी, म्हणून हे लिहितोय. एरवी असल्या फॉरवर्डवर मी बोटही उचलत नाही.

मजकूर थोडक्यात असा: ‘एकाच वेळी गरमही होतंय आणि थंडीही वाजतेय? घाबरू नका. हा आजार नाही, साठलेली उष्णता बाहेर पडतेय. थर्मामीटर नॉर्मल असेल तर ताप नाहीच. गोधड्या पांघरून घाम काढा, घाम आला की रोग गेला. तळपायाला कांद्याच्या चकत्या लावून मोजे घाला, कांदा काळा पडला की ताप शोषला गेला. अंग दुखलं तर दुखण्याची गोळी घ्या. पपईच्या पानांचा रस प्या. चाळिशीपुढच्या बायकांना हे होतंच. रक्त तपासायला धावू नका, लॅबवाले लुटतात.’ खाली जोडलेले हात आणि ‘एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला’. डॉक्टरांना नाव नाही, अर्थात.

मी लॅबवालाच. पॅथॉलॉजीत टेक्निशियन आहे, म्हणजे लुटारूंच्या टोळीतलाच एक. तेव्हा माझं म्हणणं हवं तर चिमूटभर मीठ घालून घ्या, पण ऐका.

कांद्यावर वेळ घालवत नाही. चिरलेला कांदा उघडा राहिला की कळकटतो, मोज्यात ठेवा नाहीतर ओट्यावर. तापाशी त्याचा काही संबंध नाही.

थर्मामीटरचं मात्र नीट सांगायला हवं. ताप चढायच्या आधी थंडी का वाजते? मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचं केंद्र शरीराचं तापमान ठरवतं. जंतू शिरले की प्रोस्टाग्लँडिन ई२ हे रसायन तिथली पातळी ३७ वरून समजा ३९ अंश सेल्सिअसवर नेऊन ठेवतं. गिझरचा काटा वर केला तरी पाणी लगेच तापत नाही, तसं अंग अजून ३७ वरच असतं. मेंदूच्या लेखी ते गार. मग कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय थंड पडतात, स्नायू थरथरून उष्णता तयार करायला लागतात. आत अंग तापत चाललेलं, बोटं गारठलेली आणि दातावर दात. ऐन त्या वेळी थर्मामीटर लावलात तर तो ९९ फॅरेनहाइट दाखवेल आणि थोड्या वेळाने १०३. शिवाय म्हाताऱ्या माणसांना, मधुमेह असलेल्यांना मोठा संसर्ग होऊनही फारसा ताप चढत नाही असं होतं. पॅरासिटामॉल घेऊन मोजला तर काय दिसणार? एकदा नॉर्मल आला म्हणजे सुटलो, असं नाही.

आता घाम. या मेसेजातली सगळ्यात घातक ओळ हीच.

मुंबईत पावसाळ्यात हुडहुडी भरली की पहिला संशय मलेरियाचा. त्याचा डास, ॲनोफिलिस स्टेफेन्सी, गच्चीवरच्या टाक्यांत आणि बांधकामाच्या साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि या दोन्ही गोष्टींची आपल्याकडे ददात नाही. मलेरियाचा झटका तीन पायऱ्यांचा: आधी कडाक्याची थंडी, मग अंग फणफणणं, मग दरदरून घाम. घाम येतो, अंग हलकं होतं, माणूस उठून चहा मागतो. शहरात मलेरियाच्या परजीवीचा जो व्हायवॅक्स हा प्रकार जास्त सापडतो, त्यात हे चक्र रुळलं की ४८ तासांचं होतं. म्हणजे मधला दिवस बरा जातो. तो बरा दिवस गोधडीच्या नावावर जमा होतो, आणि परजीवी तांबड्या पेशी फोडून नव्या पेशींत शिरलेला असतो. सुरुवातीला तर हे वेळापत्रकही पाळलं जात नाही, ताप कसाही येतो.

मावशीचं हेच चाललं होतं. एक दिवसाआड थंडी, वर दोन गोधड्या, पायात कांदा. ‘अरे, घाम सुटला की मोकळं वाटतं,’ म्हणाली. घरी जाऊन बोटाला सुई टोचली, काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरला, लॅबमध्ये जेएसबी नावाचा रंग देऊन बघितली. व्हायवॅक्स. फुगलेल्या तांबड्या पेशी, त्यात अंगठीसारखे दिसणारे परजीवी. शोधावंही लागलं नाही. फॅल्सिपेरम हा दुसरा प्रकार असता तर मेंदू-किडनीपर्यंत जाऊ शकला असता, आणि तेव्हा गोधडीने काय केलं असतं ते मला माहीत आहे. व्हायवॅक्सही साधा नाही. तो यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी परत उठतो, म्हणून क्लोरोक्विनच्या जोडीला प्रायमाक्विन ही गोळी १४ दिवस असते. त्याआधी रक्तातलं जी६पीडी हे एन्झाइम पुरेसं आहे ना, ते बघावं लागतं. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडणाऱ्यांचीच काचपट्टी पुढे पुन्हा बघावी लागते.

डेंग्यूत तर हा सल्ला उलटाच पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत स्वच्छ लिहिलंय: साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, आणि उतरतो तेव्हाच धोक्याचा टप्पा सुरू होऊ शकतो. तो २४ ते ४८ तास चालतो. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून झिरपतं, रक्त दाट होतं, दाब कोसळतो. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, कमालीची मरगळ, बेचैनी यांपैकी काही दिसलं की ताप नसला तरी सरळ हॉस्पिटल. ज्या दिवशी मेसेज सांगतो ‘रोग गेला’, त्याच दिवशी माणसावर सगळ्यात जास्त नजर हवी.

दुखण्याची गोळी: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन डेंग्यूच्या संशयात नकोच, रक्तस्राव वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही मापात. हृदयासाठी रोजची ॲस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका.

पपईच्या रसात अर्धा दाणा खरा आहे, हे नाइलाजाने कबूल. प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलंय. पण डेंग्यूत माणूस बहुतेक वेळा जातो तो वर सांगितलेल्या झिरपण्याने, आकडा कमी झाल्याने नव्हे. आणि ज्याला उलट्या होताहेत त्याच्या घशात तो कडू रस ओतायचा?

बायकांचं. पाळी जायच्या सुमारास एकदम गरम होणं, घाम फुटणं आणि मागोमाग शिरशिरी येणं हे खरंच होतं, काही मिनिटांत ओसरतं. त्यात ताप नसतो. पण ‘होतंच’ म्हणून सोडून दिलं की थायरॉईड राहून जातो, लघवीला जळजळ आणि कमरेत कळ घेऊन थंडी वाजणारा किडनीचा संसर्ग राहून जातो. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण चुकलं की रक्तातली साखर ७० च्या खाली जाऊ शकते, हात थरथरतात, गार घाम येतो. तिथे गोधडी नको, आधी साखर-पाणी द्या. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन गार घाम फुटला तर वय, बाई, बुवा काही बघू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा.

राहिली लूट. पूर्ण खोटं म्हणत नाही. दोन दिवसांच्या तापाला ‘फुल बॉडी पॅकेज’ गळ्यात मारणारे आहेत. एकट्या विडाल चाचणीवर टायफॉइडचा शिक्का मारून अँटिबायोटिक सुरू करणारेही आहेत, आणि ती चाचणी एकदाच केली तर बेभरवशाची आहे. त्यावर उपाय तपासणी टाळणं नव्हे, योग्य तीच मागणं. पावसाळ्यातला ताप असेल तर सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, मलेरियाची काचपट्टी, पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस१ ही चाचणी. तुंबलेल्या पाण्यातून चालला असाल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा, उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या लेप्टोचा विचार त्यावरून होतो. काचपट्टी निगेटिव्ह आली आणि थंडी परत वाजली तर पुन्हा द्या. पैशांचा प्रश्न असेल तर पालिकेच्या दवाखान्यात मलेरियाची काचपट्टी फुकट तपासतात. रांग असते. मधल्या बऱ्या दिवशीही जा, तेव्हा रांगेत उभं राहायचं त्राण तरी असतं.