ठमाबाईंची हजामत

डिसेंबरातल्या एका दुपारी ठमाच्या पाठीवरून हात फिरवताना माझ्या बोटांना नारळाची शेंडी लागली.

ठमा हे आमचं मांजर. म्हणजे लेकीचं. नोकरीसाठी बंगळुरूला जाताना ‘सहाच महिने सांभाळा’ म्हणून लेक तिला पुण्यात ठेवून गेली, त्याला आता सात वर्षं झाली. ठमाची आई पर्शियन, वडील सोसायटीच्या पार्किंगमधलेच कुणीतरी. त्यामुळे लांब केस आईचे आणि तोंड वडिलांचं. वय १४.

शेंडी शेपटीच्या जरा वर होती. चाचपलं तर दुसरी काखेत सापडली, तिसरी कानामागे. “एवढे दिवस लक्ष कुठं होतं?” बायकोनं विचारलं. आमच्याकडे हा प्रश्न नेहमी मलाच असतो. शेजारच्या काकूंनी लांबूनच पाहून निदान केलं, “जट आहे हो ती. कात्री लावू नका, देवीचं असतं.” अंनिसचे कार्यकर्ते बायकांच्या जटा सोडवतात हे मला ठाऊक होतं, त्यांच्यात मांजरांचा विभाग आहे का, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं.

गुंता सोडवायचा तर आधी भिजवायचा, हे माझं शास्त्र. कोमट पाण्यातलं फडकं पाच मिनिटं दाबून धरलं. वाळल्यावर पाहतो तर शेंडीची सुपारी झालेली. लेक व्हिडिओ कॉलवर किंचाळली, “बाबा, पाणी नाही लावायचं! लोकर गरम पाण्यात घातली की काय होतं?” काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत मी बायकोचा स्वेटर धुतला होता, तो पुढं लेकीच्या बाहुलीला बसला.

मग लेकीनं कॉर्नफ्लॉवर सांगितलं. चिमूट चिमूट गाठीत चोळायचं, केस मुळाशी दोन बोटांत घट्ट धरायचे म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून थोडे थोडे मोकळे करत फणी आत न्यायची. ठमाला जुन्या टॉवेलात बाळंतिणीच्या बाळासारखी गुंडाळली. तोंडाकडची बाजू बायकोनं घेतली, कारण “तुम्हाला बघून ती जास्त चिडते.”

लहानपणी आमच्या गल्लीत पिंजारी यायचा. जुन्या गादीतल्या कापसाच्या गुठळ्या धनुकलीनं टंग टंग करत फोडायचा आणि कापूस ढगासारखा वर यायचा. ठमाच्या पाठीवर तीच गादी झाली होती. गळलेले बारीक केस बाहेर पडायचे ते आतच अडकले, वरून अंगाचं तेल आणि ओल, आणि त्यावर दिवसचे दिवस झोपून इस्त्री. फक्त पिंजाऱ्याची गादी त्याला चावत नसे. पाऊण तासात कानामागची एकुलती एक गाठ सुटली. तोवर मी, बायको आणि ठमा असे तिघेही मंचुरियनसाठी तळायला काढल्यासारखे पांढरे झालो होतो.

काखेतली गाठ मात्र दाद देईना. मी दाढीचा ट्रिमर लावून पाहिला. नुसता आवाज ऐकूनच ठमा टॉवेलातून निसटून दिवाणाखाली, आणि मी मोबाईलची बॅटरी घेऊन पालथा. शेवटी कात्री काढली. पण वर्षभर माझा उजवा खांदा आखडलेला आहे. ठमाच्या काखेत कात्री घालायची तर कोपर जसं वळवावं लागतं तसं ते वळेचना. कात्री तशीच ड्रॉवरमध्ये गेली.

“कात्री नाही ना लावलीत, काका?” डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं. “मांजराची कातडी फार पातळ असते. गाठीबरोबर तंबूसारखी वर उचलली जाते. लोक केस समजून कातडी कापतात आणि टाके घालायला इथं येतात.” मी माझ्या खांद्याकडे आयुष्यात पहिल्यांदा आदरानं पाहिलं.

मग त्यांनी ठमाचं मागचं तंगडं हळूच वाकवलं. ठमानं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. “संधिवात. १२ वर्षांपुढच्या बहुतेक मांजरांच्या एक्स-रेत दिसतो. पाठ वळत नाही, जीभ पोचत नाही, मग गुंते.” म्हणजे वर्षभर ती खिडकीवर उडी मारत नव्हती, परद्यांवर चढत नव्हती, आणि आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत होतो, की वयानं शहाणी झाली हो आमची ठमा.

बायकोनं विचारलं, “माझ्या दुखण्याच्या गोळ्यांतली पाव गोळी देऊ का?” डॉक्टर ‘नाही!’ इतक्या जोरात म्हणाल्या की बाकाखालचा लॅब्रॅडॉर उठून उभा राहिला. साधी पॅरासिटामॉलसुद्धा मांजराचा जीव घेते म्हणे.

वय पाहता आधी रक्त तपासलं, मूत्रपिंडं ठीक निघाली, म्हणून झोपेचं इंजेक्शन देऊन मशीननं केस काढायचं ठरलं. रात्री दहानंतर उपाशी ठेवायचं. त्या रात्री कोण कोण झोपलं नाही, हे सांगायची गरज नाही, काकूही नाही.

दुपारी आमच्या हातात ठमा आणि एक पिशवी दिली. पिशवीत काढलेले केस होते, लेकीला पाहायचे होते म्हणून मागून घेतलेले. आकारानं पिशवीतली ठमा मोठी वाटत होती. बिल पाहून माझ्या लक्षात आलं, एवढ्या पैशांत आमच्या कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात मला पाच वर्षं मानेच्या मालिशीसकट बसता आलं असतं. हातातल्या ठमाचं डोकं सिंहिणीचं, शेपटीला गोंडा, आणि मधलं सगळं सोललेल्या बटाट्यासारखं. बायकोनं माझ्या जुन्या स्वेटरची बाही कापून, चार भोकं पाडून तिला अंगरखा शिवला. तो पाच मिनिटं टिकला. नंतर ठमा दिवसभर बाल्कनीतल्या उन्हाच्या तुकड्याबरोबर सरकत राहायची.

आता औषध सुरू आहे, खिडकीखाली चढायला पाट ठेवलाय, आणि रोज रात्री जेवणानंतर स्टीलच्या फणीनं पाच मिनिटं पाठ. पहिले आठ दिवस ती गुरगुरली. हल्ली आठाच्या बातम्या लागल्या की स्वतःच सोफ्याशी येते आणि मला उशीर झाला तर पायाला पंजा मारते. शेपटीच्या वरच्या, जीभ न पोचणाऱ्या जागी फणी गेली की डोळे मिटून जिभेचं टोक बाहेर काढते.

परवा तिचं आटपलं, तेव्हा माझ्या पाठीला नेमकी मधोमध खाज सुटली. डावा हात खालून पोचत नव्हता आणि उजवा तर वर्षभर रजेवरच आहे. सोफ्यावर अंग घासतोय तेवढ्यात बायको म्हणाली, “वळा इकडे.” मानेखालून कमरेपर्यंत फणी सर्रकन फिरली. धुतली होती का, हे मी विचारलं नाही. “अजून जरा डावीकडे,” एवढंच म्हणालो.